जादा टिंबं

आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं. माझं सहसा उघडं, ताईचं सहसा बंद. बंद दारामागे काय चाललंय हे कळल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही अशा बायकांत माझा नंबर फार वरचा आहे. आमचे हे तर म्हणतात की पहिलाच. तरी ताईच्या दारामागचं कळायला मला बराच काळ लागला, आणि कळलं तेव्हा घोर निराशा झाली. ना भांडण, ना रडारड, ना कुणाचं चोरून येणं-जाणं. बाई मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन वाचत बसलेली असायची. तेही काळोखात, कारण दिवा लावून तिला काय करायचं होतं?

ताई जन्मापासून आंधळी. मी एकदा सभ्यपणा दाखवायला दुसरा एक गुळगुळीत शब्द वापरला, तर म्हणाली, "आंधळीच म्हण गं. तसलं काही म्हणालीस की मला कुणीतरी हार घालायला आलंय असं वाटतं." मला ती 'रेडिओ' म्हणते. मी आत गेले की विचारते, "आज कुठलं केंद्र?" मग वरच्या मजल्यावरची धुसफूस, खालच्या दुकानदाराचं नवं प्रकरण आणि शेवटी हवामान म्हणून आमच्या ह्यांचा मूड, असं सगळं मी साग्रसंगीत ऐकवते. ती मधेच एखादा प्रश्न असा टाकते की बातमीत माझ्या पदरचं किती हे लगेच उघडं पडतं.

तिच्याकडे माझ्याशिवाय येणारं असं कुणी नाही. आईवडील गेले. लग्न झालं नाही, का झालं नाही हे मी आडून, वळून आणि शेवटी सरळच विचारलं, तर म्हणाली, "बघायला आलेल्यांना मी बघू शकत नव्हते. हे काही बरोबर नव्हतं." धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. तो रविवारी फोन करतो आणि बहीण विहिरीत पडली आहे अशा आवाजात बोलतो. ताई फोन टेबलावर ठेवते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. म्हणते, एवढ्या अंतरावरून तो प्रेमळ वाटतो.

नोकरी होती ती आंधळ्यांची पुस्तकं काढणाऱ्या छापखान्यात. कागदावर उठलेल्या टिंबांची ती लिपी. शेजारच्या खुर्चीवरची बाई मूळ पुस्तक मोठ्याने वाचत जाते आणि ताईच्या उजव्या हाताचं पहिलं, अंगठ्याशेजारचं बोट नव्या पानावरून सरकत राहतं. डावा हात फक्त पुढची ओळ धरून ठेवतो, वाचायचं काम त्याच्याकडे नाही. कुठे टिंब कमीजास्त झालं की ताई म्हणते, "थांबा." तिचं 'थांबा' म्हणजे अख्ख्या छापखान्यात अखेरचा शब्द होता. पान परत मशीनवर जायचं, वाद नाही.

मग छापखान्याला कुठून तरी देणगी मिळाली. नवं मशीन आलं, त्याच्या जोडीला नवी लोखंडी टेबलंही आली. आणि थोड्याच आठवड्यांत ताईचं 'थांबा' वाढायला लागलं.

"जादा टिंबं येताहेत," ती मला सांगायची. "बारीक, पण आहेत. ओळभर ठीक असतं, मग भसकन दोन-चार कुठून तरी उगवतात."

मशीन चालवणारा गृहस्थ मुळातच तापट. त्याने मशीन खोललं, सुया काढल्या, पुसल्या, बदलल्या. पुन्हा पान काढलं. पुन्हा 'थांबा'. शेवटी त्याने ते पान खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरलं आणि ओरडला, "बाई, इथे टिंब नाहीये हो! मला डोळे आहेत!"

"मला बोट आहे," ताई म्हणाली.

हे मला तिने स्वतःच सांगितलं. सांगताना ती खूश होती. तिला वाटलं, काय तोडीस तोड उत्तर दिलं.

पण ताईची बुद्धी वकिलाची. घरी तिच्याकडे कपाट भरून जुनी पुस्तकं. ती वाचताना एकही जादा टिंब लागत नव्हतं. म्हणजे बोट ठीक, म्हणजे दोष मशीनचा. पुरावा म्हणून तिने छापखान्यातली नाकारलेली पानं पिशवीत घालून घरी आणली, मांडीवर घेतली, आणि निवांत तपासली. पानं साफ. एकही टिंब जास्त नाही.

आता तुम्हीआम्ही काय म्हटलं असतं? चुकलं बुवा आपलं. ताई दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मशीनवाले, तुम्ही माझ्या पिशवीतली पानं बदललीत."

झालं. त्या माणसाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने टोपी आपटली, म्हणे. टोपी आपटल्याचा आवाज कसा येतो असं मी विचारलं, तर ताई म्हणाली, "टोपीबरोबर चाव्याही होत्या." त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. पान आणून ठेवायचा आणि निघून जायचा. मग तीच पानं व्यवस्थापकाने दुसऱ्या एका आंधळ्या तपासनिसाला वाचायला दिली. त्याला काही सापडलं नाही. व्यवस्थापक भला माणूस. त्याने ताईला केबिनमध्ये बोलावून 'थोडी विश्रांती घ्या' असं सांगितलं. इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की विश्रांती संपायची नाही हे तिला तिथेच कळलं.

त्यानंतर ती घरीच. मी बातम्या घेऊन जायचे, पण प्रश्न येईनात. वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोला मी एका दमात घटस्फोटापर्यंत नेऊन सोडलं, तरी ती नुसतं "हं" म्हणाली. एका दुपारी तर तिने मला विचारलं, "मला वेड लागतंय का गं?" मी म्हटलं, लागलं असतं तर तू विचारलं नसतंस. जोक बरा होता. कुणी हसलं नाही.

उघड्या हवेत न्यावं म्हणून मी तिला बाहेर काढलं. आंधळ्या माणसाला न्यायची एक रीत असते, ती ताईने मला पहिल्याच महिन्यात शिकवली होती: तिने माझं कोपर धरायचं, मी तिचा हात धरून ओढायचा नाही. "मी सामान नाही," असा तो धडा होता. मी तो पाळतेही. पण त्या दिवशी वळणावर एक सायकलवाला घंटी न वाजवता अंगावर आला आणि मी रीतबीत विसरून तिचा हात, मनगट आणि कोपराच्या मधोमध, गच्च पकडून तिला मागे खेचलं.

ताई किंचाळली. रस्ता थांबून बघायला लागला. सायकलवाल्याला वाटलं आपण उडवलं. तो बिचारा उतरून माफी मागायला लागला.

"लागलं? कुठे लागलं?" मी.

"बोटात," ती म्हणाली. "करंट. पहिल्या बोटाच्या टोकापर्यंत."

"मी तर हात धरला होता!"

ती तिथेच भिंतीला टेकली. डाव्या हाताने तिने उजव्या हाताची आतली बाजू चाचपली, एका जागी थांबली, आणि दाबलं. चेहरा वेडावाकडा झाला. पुन्हा दाबलं, या वेळी हळू. मग उजवं बोट हवेतच पुढे सरकवलं, जणू समोर पान आहे.

"आली," ती म्हणाली. "रेडिओ, टिंबं आली. कागद नाही, काही नाही, आणि टिंबं आली."

घरी येऊन आम्ही दोघींनी ती जागा नीट पाहिली. मी डोळ्यांनी, तिने हाताने. कातडीखाली द्राक्षाएवढी गाठ. ती म्हणाली, ही खूप दिवसांपासूनची आहे, आधी वाटाण्याएवढी होती, डॉक्टर चरबीची म्हणाले होते. मग ती टेबलाशी जाऊन छापखान्यात बसते तशी बसली. हात टेबलाच्या कडेवर टेकला. कड बरोबर गाठीवर, तिथल्या नव्या लोखंडी टेबलाची यायची तशी. उठली, खुर्चीत बसून पुस्तक मांडीवर घेतलं. हात मोकळा. पुस्तक बाजूला ठेवलं. नंतर म्हणाली, "त्या माणसाची टोपी."

गल्लीतले डॉक्टर आमच्या सगळ्यांचे. 'चरबीची गाठ' हे त्यांचंच निदान, आणि ते ही गाठ दवाखान्यातच जागा बधिर करून काढून टाकायला केव्हाही तयार होते. पण ताईने टिंबांचं सांगितलं, त्यांनी गाठीवर बोटाने टिचकी मारली आणि तिचं बोट उडालेलं पाहिलं, तसा त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मी चुकलो होतो. हिला मी हात लावणार नाही, दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका. नसांच्या सर्जनकडे जा."

सर्जन म्हणजे एक बाई निघाल्या. बुटक्या, घाईत असल्यासारख्या, पण तपासायला लागल्या की घाई कुठच्या कुठे गेली. त्यांनी गाठ चिमटीत धरली. डावीउजवीकडे हलवली, हलली. वर-खाली हलवली, जागची हलली नाही. "दोरीत ओवलेला मणी," त्या ताईला म्हणाल्या. "दोरी ताणलेली असली की मणी बाजूला झुलतो, पण मागेपुढे जात नाही. तुमची दोरी म्हणजे नस." मग सोनोग्राफी, एमआरआय, नसेतून करंट सोडून तपासायचं एक यंत्र, सगळं झालं. चित्रात स्पष्ट होतं: एका टोकाने नस गाठीत शिरते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते.

"श्वानोमा असावा," त्या म्हणाल्या. मला वाटलं कुत्रं चावल्यावर होतो की काय, आणि मी ते बोललेही. सर्जन बाई हसल्या नाहीत. ताई हसली; कित्येक दिवसांनी.

त्यांनी समजावलं ते मला असं कळलं. नस म्हणजे एक तार नव्हे. आत बारीक धाग्यांचा जुडगा असतो आणि त्यावर वेष्टण. ही गाठ धाग्यांची नाही, वेष्टणाची. कॅन्सर नाही, निदान तसं दिसत तरी नाही. ती सावकाश वाढते आणि धाग्यांना बाजूला ढकलते. काढायची ती वेष्टण लांबीने उघडून, धागे अलगद सारून, शेंगेतून दाणा काढावा तशी. बहुतेकदा जमतं.

"आणि जमलं नाही तर?" ताईने विचारलं.

"एखादा धागा गाठीत शिरलेला असतो. तो जातो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. बोटाचं टोक थोडं बधिर. शर्टाची गुंडी लावताना जाणवतं."

"मी बोटाने वाचते," ताई म्हणाली.

 सर्जन बाईंनी विचारलं, "कुठल्या? टोकाच्या कुठल्या भागाने?" आणि कागद घेऊन बोटाचं चित्र काढलं.

न काढता राहायचा मार्ग नव्हता असं नाही. पण घरी मांडीवरच्या पुस्तकातही आता अधूनमधून टिंबं उगवायला लागली होती. गाठ वाढतच होती. ठेवली असती तर तेच बोट हळूहळू गेलं असतं. भावाने फोनवरून त्याच्या त्या विहिरीत ओरडण्याच्या आवाजात निकाल देऊन टाकला, "काढून टाक! आजकाल सगळी पुस्तकं ऐकायला मिळतात!" मलाही ते पटलं. मी म्हटलं, ऐकायचीच तर मी वाचून दाखवीन की. रोज. मला तेवढंच निमित्त.

ताई म्हणाली, "तू वाचलंस तर तू येशील."

"म्हणजे?"

"आईने वाचलं की आई यायची. छापखान्यातली बाई वाचते तेव्हा तिची सर्दीसुद्धा येते. मला जे काही कळतं ते कुणाच्या तरी आवाजात कळतं, रेडिओ. आज आकाश कसं आहे हेसुद्धा. फक्त बोटाखाली येतं ते कुणाचंच नसतं. तिथे मी एकटी असते." मग म्हणाली, "तशी मी इथेही एकटीच असते. पण ते वेगळं."



शेवटी मार्ग सर्जन बाईंनीच काढला. त्या म्हणाल्या, स्नायूकडे जाणारा धागा ओळखता येतो; त्याला बारीक करंट दिला की हात हलतो. स्पर्शाचा धागा झोपलेल्या माणसात काहीच सांगत नाही. तुम्ही जाग्या राहिलात तर तुम्ही सांगाल. फक्त कातडी बधिर करू. पण ते छान नसेल, आधीच सांगते.

"छान काय आहे त्यात," ताई म्हणाली. "तपासायचंच काम आहे ना? ते येतं मला."

आत काय झालं ते ताईने सांगितलं, आणि ती मीठमसाला लावत नाही, ते खातं माझ्याकडे. सर्जन बाई डोळ्यांना दुर्बीण लावून बसलेल्या. वेष्टण उघडलं, तेव्हा धागे गाठीवर पसरलेले होते. त्या एकेका धाग्याला सुईचं टोक लावायच्या आणि ताई सांगायची: अंगठा. मधलं बोट, आतली बाजू. पहिलं बोट, मुळाशी. तळहात. मधे एक जागा अशी लागली जिथे ताईला काहीच जाणवलं नाही आणि हातही हलला नाही. तिथून त्या आत शिरल्या. गाठ सुटायला लागली. सगळं ठीक चाललं होतं.

मग ताई म्हणाली, "थांबा."

खोलीतले सगळे थांबले.

"टोक," ती म्हणाली. "पहिल्या बोटाचं टोक, डावी कड. इथूनच वाचते मी."

तो धागा गाठीच्या भिंतीतच रुतलेला होता. सर्जन बाईंनी तो सोडवायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ताईला बोटाच्या टोकावर कुणीतरी सुया ओतल्यासारखं व्हायचं. ती दातावर दात दाबून पडून राहिली. शेवटी सर्जन बाई म्हणाल्या, "गाठ काढलीय, थोडी साल उरलीय. ती पूर्ण काढायची तर धागा कापावा लागेल. ठेवली तर धागा राहील, पण काही वर्षांनी पुन्हा वाढू शकते. पुन्हा हेच करावं लागेल. मी कुणाला असं मधेच विचारत नाही, पण तुम्ही जाग्या आहात."

"राहू दे साल," ताई म्हणाली. "मी तरी किती वर्षं वाचणार आहे?"

गाठ तपासून आली. साधीच होती. मी सगळ्या जिन्यावर ही बातमी वाटली, काहीही न वाढवता. आमचे हे म्हणाले, तब्येत बरी आहे ना तुझी?

पण बोट मेलेलं होतं.

धागा शाबूत होता, पण त्याला इतकं हाताळलं होतं की त्याने काम सोडलं. परत येईल, सर्जन बाई म्हणाल्या. नस सावकाश जागी होते, कधी पूर्ण, कधी अर्धी. वाट बघा. आता वाट बघायला सांगणं सोपं. ताईच्या खोलीत वाट बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. कपाटभर पुस्तकं, आणि तिच्या लेखी ती आता नुसतं लाकूडसामान. डाव्या बोटाने तिने प्रयत्न केला. एवढी वर्षं ओळ धरून बसलेलं ते बोट, अक्षरावर आलं की बावचळायचं. चार शब्द वाचून ती घामाघूम व्हायची. मी डबा घेऊन जायचे तर ती खुर्चीत बसलेली, मांडीवर बंद पुस्तक, त्यावर हात पालथा ठेवलेला. मी काही वाचून दाखवू का असं पुन्हा विचारलं नाही. मी बातम्याही कमी केल्या. तिथे बोलताना मला माझाच आवाज मोठा वाटायला लागला होता.

मशीनवाला आला तो याच दिवसांत. दार मीच उघडलं. टोपी हातात, काय बोलावं ते न सुचून उभा. ताईने आतूनच विचारलं, "तेलाचा वास येतोय. मशीनवाले का?"

"हो, बाई."

"मशीनची चूक नव्हती."

"माहीत होतं मला."

"आणि पानंही तुम्ही बदलली नव्हतीत."

"तेही माहीत होतं."

"मग एवढं भांडलात का?"

"तुम्ही भांडत होता म्हणून," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "पण तुम्ही कधी चुकला नव्हतात. मी रोज घरी जाऊन मशीनच्याच नावाने बोटं मोडत होतो."

तो फार वेळ थांबला नाही. ताईची जागा छापखान्याने भरली होती, हे सांगायचं काम त्याच्यावर टाकलेलं असावं. त्याने ते सांगितलं नाही, पण ताईने त्याच्या जाण्याच्या घाईतून ते ओळखलं. "झालं ते बरं झालं," ती मला म्हणाली. "आता वेगाने वाचायची सक्ती नाही." असं म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसली. आंधळ्या माणसाने खिडकीकडे तोंड केलं की समजावं, त्याला तुमच्याकडे तोंड करायचं नाहीये.

बोटात पहिल्यांदा खाज आली. मग गार आणि गरम यांतला फरक. मग एका दुपारी तिने माझ्या साडीचा पदर चिमटीत धरला आणि म्हणाली, "हिला जर काठ असेल तर तो इथे आहे." होता. मी तो आनंद चेहऱ्यावर आणला, आणि मग आठवलं की तिला तो दिसायचा नाही, म्हणून तोंडानेही आणला. सर्जन बाईंनी तपासून सांगितलं, टोकाची उजवी बाजू परत येणार नाही बहुतेक. डावी कड येतेय.

काल गेले तर ती वाचत होती.

वाचत होती म्हणजे काय, बोट एका अक्षरावर ठेवलेलं, किंचित तिरकं, कडेवर. बराच वेळ तिथेच. मग पुढच्यावर. मधे मागे यायची, पुन्हा पुढे. मी खुर्चीत बसले. माझ्याकडे एक जबरदस्त बातमी होती, खालच्या दुकानदाराची, आणि मी ती तशीच दाबून बसले. ज्यांना मी ठाऊक आहे त्यांना यातल्या कष्टाचं मोल कळेल. ओळीच्या शेवटापर्यंत जायला तिला एवढा वेळ लागला की बाहेरचा उजेड बदलला. मी आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. तिने विचारलं नाही.

दुसऱ्या ओळीच्या मधे कुठेतरी ती हसली. खुदकन, एखाद्याने कानात काही सांगावं तशी. मी वाकून पानाकडे पाहिलं. पांढरंफटक पान, बारीक बारीक फोड आलेलं. मला त्यातलं अक्षर कळेना. ताईचं बोट पुढे सरकलं होतं, आणि तिचा चेहरा अजून हसत होता.